तेलाचा वास

अमरावती रोडवरच्या वाडीत, ट्रकांच्या गर्दीत आमच्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. माझा डावा गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून मी जुनी ऑटोमॅटिक गाडी सांभाळून आहे. दर उन्हाळ्यात मी त्यांना विचारतो, गिअरच्या तेलाला वेगळा कूलर लावायचा का? ते आधी अमरावती रोडवर गाडी तापवून आणतात, तेल मोजायची पट्टी बाहेर काढतात, एक थेंब बोटांवर चोळतात आणि डोळे मिटून हुंगतात. मग ठरलेलं वाक्य येतं.

“काहून लावता उगीच, काकाजी? रेडिएटर करून राहिला नं तेल थंड. जळका वास आला का मीच सांगीन.”

यंदाही त्यांनी तेल हुंगलं. पट्टी पुसून परत बुडवली, परत हुंगलं. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून बोटं माझ्या नाकापुढे धरली.

“तुमीच सांगा. मागच्या तापापासून मले कशाचाच वास येत नाही.”

करपलेल्या भाकरीसारखा वास होता. मी तसं सांगितलं.

“मंग लावा लागन कूलर,” ते म्हणाले आणि कितीतरी वेळ फडक्याने बोटं पुसत राहिले.

संध्याकाळी कूलर बसला, तेलही बदललं. नव्या तेलाचा थेंब त्यांनी सवयीने स्वतःच्या नाकाशी नेला, डोळे मिटले.

“चांगलं आहे,” असं मी म्हणेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.