अण्णासाहेब दाबके आणि त्यांची कोरडी कवचे

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी कल्याणच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवीत होतो. एका शनिवारी शाळा सुटताना लांब कोट आणि काळी टोपी घातलेले एक गृहस्थ वर्गाच्या दाराशी आले. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेले एक फिकट जांभळे, मोसंब्याएवढे कवच काढून टेबलावर ठेवले आणि "हे काढून दाखवाल का?" असे विचारले. मी मन लावून चित्र काढले. त्यांनी ते भिंगाखाली धरले.

"चित्र देखणं आहे. पण या ओळीत छिद्रांची एक जोडी तुम्ही गाळलीत."

"तिथे सावली चांगली पडत होती," मी म्हणालो.

"मग सावली गाळा, मास्तर."

प्रा. विनायकराव दाबके, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णासाहेब, यांची आणि माझी ही पहिली भेट. त्या दिवसापासून त्यांच्या संशोधनाची चित्रे मी काढीत आलो. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात विद्वानांच्या पंक्तीत मला बसवले आहे ते एवढ्याच अधिकाराने.

अण्णासाहेबांचा विषय सी-अर्चिन. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कपारीत दिसणारा हा काटेरी गोळा. अण्णासाहेब त्याला समुद्रसाळू म्हणतात. काट्यांखाली कवच, कवचाला बारीक छिद्रे, त्यांतून बाहेर येणारे नळीसारखे पाय आणि काट्यांच्या बुंध्याशी, भिंगातूनच दिसावेत असे, इवलेसे चिमटे. या चिमट्यांच्या घडणीवरून आपल्या किनाऱ्यावरील समुद्रसाळूंच्या जाती त्यांनी ठरवल्या होत्या. त्यांतली एक जात तर त्यांनीच प्रथम वर्णिली होती.

नौपाड्यातल्या त्यांच्या घरी आतली खोली या प्राण्यांच्या बरण्यांनी भरलेली असे. कोकणातून आणलेले नमुने स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले. पाहुणा आला की त्याचे अंथरूण स्वयंपाकघरात पडे. सौ. वहिनींनी हे सारे हसतमुखाने चालवून घेतले असे लिहिण्याचा प्रघात आहे. पण खरे सांगायचे तर त्या कधी कधी चिडत, आणि ते रास्तच होते. अण्णासाहेब कामात असले की पानावर वाढलेले निवून जाई, आणि त्यांना हाक मारायची सोय नसे.

पुढे दारूबंदी आली. स्पिरिट बाळगायलाही परवाना लागू लागला. परवाना होता, पण तो त्यांच्या कॉलेजच्या नावावर, आणि बरण्या घरी. कोणी कळवले कोण जाणे, एके दुपारी दारूबंदी खात्याचे अधिकारी दारात उभे राहिले. मी तिथेच चित्र काढीत बसलो होतो. अधिकारी तरुण होते, बोलायला नम्र होते. त्यांनी एका बरणीचे झाकण उघडले, वास घेतला आणि तोंड फिरवले.

"हे कोण पिणार, प्रोफेसरसाहेब? मला कळतंय हो सगळं. पण घरात एवढं स्पिरिट, आणि कागद दुसऱ्या पत्त्याचा. मी काय लिहू?"

"जे पाहिलंत ते लिहा," अण्णासाहेब म्हणाले.

नवा परवाना मिळेपर्यंत बरण्या सील करून तिथेच ठेवाव्यात असे ठरले. अधिकारी दोन दिवसांनी सीलची लाख घेऊन येणार होते. मधल्या वेळात डोंबिवलीच्या एका स्नेह्यांनी आपली रिकामी खोली देऊ केली. "निम्म्या बरण्या माझ्याकडे हलवा, कोणाला पत्ताही लागणार नाही," असा त्यांचा आग्रह होता. अण्णासाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि नको म्हणून सांगितले. "चूक माझ्या कागदात आहे. ती लपवून मी वर्गात कशाच्या जोरावर उभा राहू?"

सील लागले. परवान्याचे काम लांबत गेले. स्पिरिट झाकणातूनही उडत असते. वरचेवर भर घालावी लागते, आणि बरणीला तर हात लावता येत नव्हता. पातळी काचेतून खाली जाताना दिसे. अण्णासाहेब सकाळ-संध्याकाळ त्या खोलीत जाऊन उभे राहत. "माणूस आजारी असल्यासारखं करताहेत," वहिनी मला हळूच म्हणाल्या.

मग एका रविवारी मी गेलो तो ओटीवर सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर कवचेच कवचे. माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेली ही कोरडी कवचे त्यांनी खाली उतरवली होती. त्यांना स्पिरिट लागत नाही, सीलही नव्हते. वाटाण्याएवढ्यापासून नारळाच्या कवडीएवढ्यापर्यंत त्यांनी ती जातवार, लहानमोठी अशी ओळीने लावली आणि वाढीबरोबर छिद्रांची मांडणी कशी पालटते ते पाहू लागले. मी शेजारी बसून एकेक काढीत होतो. काही आठवड्यांनी ते अचानक थांबले. त्यांनी आपण वर्णिलेल्या जातीची ओळ उचलली आणि तिच्या शेवटी दुसऱ्या एका जातीची ओळ लावली. कुठेही खंड पडला नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "माझी जात गेली. ही त्या दुसरीचीच पोरं आहेत."

परवाना आला, सील निघाले. काही बरण्या आटून गेल्या होत्या; आतले प्राणी सुरकुतून काळे पडले होते. ते बाजूला काढताना अण्णासाहेबांचे डोळे भरून आले. पण उरलेल्यांवर त्यांनी लगेच पडताळा घेतला. कोवळ्या वयात चिमटेच वेगळ्या घडणीचे असतात, हे तेव्हा निश्चित झाले. मला राहवले नाही. मी म्हणालो, "ती जात तुमच्या नावावर आहे. घाई कशाला? आणखी नमुने पाहून सावकाश जाहीर करा."

"तोवर कॉलेजातली पोरं ती पाठ करतील," ते म्हणाले.

पुढच्याच परिषदेत त्यांनी आपली जात स्वतः रद्द केली.  मग मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. त्या कोरड्या कवचांवरून त्यांनी वर्गीकरणाची जी सोपी रीत बसवली, तिच्यामुळे आज एखाद्या लहान कॉलेजातला विद्यार्थीही, स्पिरिट नसले तरी, साध्या भिंगाने समुद्रसाळूची जात ओळखू शकतो.

त्यांच्या शिस्तीचे पुष्कळजण सांगतील. मी त्यांच्या मायेचे सांगतो. त्याच सुमारास मी कागद लांब धरू लागलो होतो. घरी कोणाच्या लक्षात आले नव्हते. अण्णासाहेबांनी पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली, मला चालत नौपाड्यातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले आणि चष्मा येईपर्यंत एकही चित्र काढू दिले नाही. छापखान्याचा तगादा चालू होता. "छापखाना थांबेल," एवढेच म्हणाले.

आता ते निवृत्त होत आहेत. मालवणच्या खालचा किनारा नीट पाहायचा राहिला, असे परवाच म्हणत होते. त्या खडकांवर ओहोटीला वाकून बसायला त्यांच्या पाठीला आणि गुडघ्यांना पुष्कळ वर्षे बळ मिळो, नजर अशीच बारीक राहो, आणि वहिनींना त्यांना वेळेवर जेवायला बोलावता येवो, एवढे मी मनापासून मागतो.