शकुनबाईचा गोल रुमाल

आणीबाणी उठली त्या साली शकुन लग्न होऊन साकोलीजवळच्या एका खेड्यात आली. तिच्या रुखवतात क्रोशाचा एक गोल, पांढरा रुमाल होता. तो विणला होता तिच्या मावसबहिणीने, रुखमिणीने. दुसऱ्याच्या हातचं मांडायचं आणि नाव नवरीचं सांगायचं, हे घरोघरी चालायचं; त्याला कोणी खोटं म्हणत नसे. पण सासूने, सत्यभामाबाईंनी, ते फारच मनावर घेतलं. पाहुणे आले की पानाच्या तबकावर तो रुमाल पडायचा आणि त्या म्हणायच्या, "आमच्या सुनेच्या हातचा हाये." शकुन लगेच पाण्याचं निमित्त काढून आत पळायची. बिचारीला स्वतःच्या घरात चोरट्यासारखं वाटायचं.

काही वर्षांनी नणंदेचं, बेबीचं लग्न ठरलं. सासू म्हणाली, "शकुन, बेबीच्या रुखवतात असाच एक पायजे. वैशाखापर्यंत होते ना?"

असा रुमाल शकुनने कधीच विणला नव्हता. मान मात्र हो म्हणून हलली.

साखळीचा आणि खांबाचा टाका एवढं तिला येत होतं, लहानपणी रुखमिणीशेजारी बसून शिकलेलं. पण हात बापाघरचे. बाप अंबाडीचे दोर वळायचा आणि ती दुसरं टोक धरायची. "कस पोरी, सैल पडला तं बैल सुटते," हे ऐकतच ती वाढली. आताही टाका असा आवळायची, जणू रुमालाला बैलच बांधायचा आहे! फेरीगणिक कडा वर आल्या आणि रुमालाची वाटी झाली. बेबीने तिच्यात लसूण ठेवून पाहिला आणि पोट धरून हसली. दुसऱ्या खेपेला शकुनने वाटीच्या धाकाने खांब वाढवत नेले, तर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी झालर निघाली. सासूने दोन्ही पाहिले.

चैत्रातली दुपार. अंगणात मोहफुलं वाळत होती आणि त्या गोड, जड वासाने सगळं घर पेंगुळलं होतं. शकुनने जुना रुमाल मांडीवर घेतला. शेवटची फेरी तेवढी उसवून पाहावी, रुखमिणीने कसं केलंय ते कळेल, असं तिच्या मनात आलं. दोरा सरसर निघाला. एक फेरी गेली, मग दुसरी. शकुनला रुखमिणीची ओसरी दिसू लागली, गुणगुणत विणणारी तिची बोटं दिसू लागली, आणि थांबायचं राहूनच गेलं. भानावर आली तेव्हा मधलं कडंही सुटलेलं. मांडीवर नुसता दोरा.

घाबरून ती रडली. मग डोळे पुसताना तिला दिसलं, दोरा सरळ झालाच नव्हता. जिथे जिथे टाका होता तिथे तो अजून वळलेला होता, आणि ती वळणं मोठी होती, मऊ होती. रुखमिणीने दोरा कधी आवळलाच नव्हता. शकुनने सुई उचलली आणि दोरा त्याच्या त्याच्या वळणाने जाऊ दिला. पुढच्या कितीतरी दुपारी ती अशीच, अर्धी स्वप्नात असल्यासारखी, विणत बसली. बैल काही सुटला नाही.

लग्नाच्या तयारीत सासूने पेटीतून रुमाल काढला. बोटाने कड चाचपली, मधला किंचित फुगवटा दाबून पाहिला. शकुनचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"पयलेचा लय साजरा होता," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पन तो तुह्या हातचा नोहोता. मले तवाच मालूम होतं."

"मंग साऱ्याइले तसं सांगत काहून होत्या, आत्याबाई?"

"तू कवातरी करशीन म्हनून. हाच ठेव बेबीच्या रुखवतात."

वैशाखात मांडवात रुखवत मांडलं. बाया वाकून वाकून पाहत होत्या. "कोनं केला वं हा?" एकीने विचारलं.

"आमच्या सुनेच्या हातचा हाये," सासू म्हणाली.

शकुनच्या हातात पाण्याचा गडवा होता. ती तिथेच उभी राहिली.