सशाचं हाफ तिकीट

सशाला तिकीट काढायला लावणारा पृथ्वीवरचा पहिला आणि शेवटचा माणूस म्हणजे माझा मामा. सत्तरच्या दशकात तो मालेगाव-मेडशी गाडीवर कंडक्टर होता. निम्मा वऱ्हाड त्या गाडीच्या टपावर बसायचा, पण फुकट कोणी गेला असेल तर शपथ. एकदा त्यानं होणाऱ्या सासऱ्यालाच बिनतिकिटाचा म्हणून अर्ध्या वाटेत उतरवलं. ही सचोटी पाहून सासऱ्यानं खूश होऊन पोरगी दिली, असं मामा सांगायचा. मामी म्हणायची, "चिडून देली."

घरी त्याची राणी नावाची पांढरी सशीण होती. तिच्यापुढे गवत चोवीस तास, फळ मात्र फक्त बाजाराच्या दिवशी. "गवताले पास हाय, फळाले तिकीट," हा मामाचा कायदा. पपई असो की पेरू, बिया काढून तो फोड खऱ्या तिकिटावर ठेवून मापायचा, जास्तीची स्वतः खायचा आणि तिकिटं टोचायचा चिमटा हवेत वाजवून राणीला म्हणायचा, "हाफ. पुढची गाडी बाजाराच्या दिवशी."

एकदा तो ड्युटीवर असताना मामीनं मायेपोटी राणीला अख्खं केळं चारलं. सकाळी राणी कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली. गवताला तोंड लावेना, लेंडी टाकेना. स्वतःच्या लग्नातही रजा न घेता वऱ्हाडाची तिकिटं फाडणाऱ्या मामानं त्या दिवशी रजा टाकली. ढोरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पोट हलकं चोळायला सांगितलं. मामा दिवसभर तिच्याजवळ उकिडवा. मामी चुलीपुढे, तीही उपाशी. संध्याकाळी वाटाण्याएवढी एक लेंडी पडली. मामानं ती उचलली, उजेडात निरखली आणि तोंडानं डबल बेल दिली, "टण टण." मग हळूच मामीला म्हणाला, "माया हाय तुयी, समजते मले. पन माया कापून देत जाय."

आता राणी नाही, रिटायर झाल्यावर गाडीही सुटली. मामाच्या रक्तात साखर निघाली. परवा गेलो तेव्हा मामी पपई कापत होती. बिया काढून तिनं नेमकी तिकिटाएवढी फोड त्याच्या हातावर ठेवली.

"फुल दे ना वं."

"हाफच हाय. पुढची गाडी बाजाराच्या दिवशी."

मामा पुढच्या दातांनी ती फोड कुरतडत बसला, नाक थरथरवत, संपू नये अशा बेतानं. आणि संपेपर्यंत मामी त्याच्याजवळ उकिडवी बसून राहिली.