नीलम्मा आजींच्या हातावरचा गोल

आमच्या गल्लीत कुणाची दृष्ट काढायची असली की मला बोलवत नाहीत. मीठ-मोहऱ्या ओवाळताना मी मध्येच हसते, असा माझा लौकिक आहे. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा आधी नवराच हसला... पण झालं ते झालं, आणि ते माझ्याच बाबतीत झालं.

मी लोहाऱ्याची. सोळा वर्षं घरी ब्लाऊज शिवले. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, पस्तिशीची अट होती, म्हणून अगदी काठावर असताना अर्ज भरला. पोरीसोरींबरोबर होस्टेलला राहून अडतिसाव्या वर्षी पास झाले. वाटलं, आता नोकरी धावत येईल. कसली येते! पाच दवाखाने पालथे घातले, सगळीकडं एकच — "एवढ्या वयात फ्रेशर?" एके ठिकाणी तर रिसेप्शनच्या मुलीनं "पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर बसा" म्हणून मला फाईलसकट बाहेर घालवलं. सहावी मुलाखत मुरुमच्या एका खासगी दवाखान्यात होती. इथंही नाही जमलं तर शिलाई मशीनवरची चादर काढायची आणि पुन्हा नर्सिंगचं नाव घ्यायचं नाही, असं मी ठरवून निघाले होते.

सकाळी येणेगूरला उतरले, तिथून जीप केली. दहाला दवाखान्यात पोचले तर बाकावर आधीच दोघी बसलेल्या, दोघींचं वय माझ्या निम्मं. पहिला नंबर माझा लागला. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि उठले. "बोलणं पुरे. हात बघू तुमचा."

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळ एक आजी होत्या. नीलम्मा, जवळच्याच खेड्यातल्या. गळ्यात लिंगायतांची इष्टलिंगाची डबी, उजव्या हाताला सलाईन. आदल्या संध्याकाळी ताप आणि धाप म्हणून भरती केलेल्या. शेजारी सून बसलेली. डॉक्टरांनी पेपर माझ्या हातात दिला. "अँटिबायोटिकचा पहिला डोस आहे. टेस्ट झालीय, लिहिलंय त्यावर. सलाईनच्या नळीतून द्या."

ही टेस्ट म्हणजे, कातडीत थेंबभर औषध टोचायचं, भोवती पेननं गोल काढून वेळ लिहायची आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. लाल होऊन उठलं तर ते औषध त्या माणसाला द्यायचं नाही, जीवही जाऊ शकतो. रात्रपाळीच्या सिस्टरनं पेपरवर 'टेस्ट ओके' लिहिलं होतं, पण आजींच्या उजव्या हातावर कुठंच गोल नव्हता. डावा हात पदराखाली होता. तो बघायला हवा होता... मी बघितला नाही. डॉक्टर घड्याळाकडं बघत होते आणि मला नोकरी हवी होती. मी सिरिंज भरली, नळीकडं हात नेला.

"बेड, बेड," आजी म्हणाल्या. नको, नको. त्या तिकडच्या बऱ्याच जणांसारख्या अर्ध्या कानडीत बोलायच्या. "सकाळी तूच सांगितलीस की, आजी, हे इंजेक्शन घिऊ नगा म्हणून. आन् आता तूच द्यायलीस व्हय?"

"मी आत्ताच आले, आजी."

"आत्या तापात कायबी बोलतेत," सून घाईनं म्हणाली. "सकाळधरनं म्या हितंच हाय. च्या आणाया गेलते, तेवढंच. कुणी शिस्टर आली न्हाय."

"मग हे कुणी काढलं?" म्हणत आजींनी पदराखालचा डावा हात पुढं केला.

मनगटाच्या वर निळ्या पेननं काढलेला गोल होता. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला एकेक आडवी बारीक रेघ. कापडाचे दोन तुकडे जुळवायला शिंपी अशी खूण करतात. कोर्सची तीन वर्षं माझ्या प्रत्येक गोलाला त्या रेघा आपोआप पडायच्या आणि आमच्या मॅडम ओरडायच्या, "हा काय ब्लाऊज आहे का?" शेजारी वेळ होती, ९.४०. नऊचा आकडा मी पोट दाबून काढते, तसाच. आणि गोलाच्या आत... सुईची खूणच नव्हती. कातडी कोरी होती.

मी सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली.

"काय झालं? जमत नाही का?" डॉक्टर.

"सर, मी टेस्ट परत करते."

"पेपरवर आहे ना?"

"आहे. पण परत करते."

"वीस मिनिटं जातील. बाहेर अजून दोघी बसल्यात, माहितीय ना?"

"माहितीय, सर."

ते निघून गेले. संपलं, असं मी धरून चालले. कोपराखाली वेगळ्या जागी टेस्ट केली आणि स्टुलावर बसून राहिले. दहा मिनिटांत आजी हात खाजवायला लागल्या. पंधराव्या मिनिटाला तिथं रुपयाएवढं लाल होऊन उठलं होतं. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात बघितला, पेपर बघितला आणि खाली स्टुलावरच बसले. रात्रीच्या सिस्टरनं टेस्ट न करताच लिहिलं होतं, हे दुपारी तिनं फोनवर कबूल केलं. ती ९.४० ला तुळजापूरच्या रस्त्यावर होती. मी येणेगूरच्या फाट्यावर जीपची वाट बघत नवऱ्याशी बोलत होते, मोबाईलमध्ये त्या कॉलची वेळ अजून आहे. आजींना सही येत नाही, अंगठा उठवतात. मग तो आकडा कुणी काढला?

नोकरी मला मिळाली. डॉक्टर नव्या मुलींना माझं उदाहरण देतात — पेपरवर नाही, पेशंटवर विश्वास ठेवा, या बाईंनी ठेवला. मी मान खाली घालून ऐकते. कारण मी इंजेक्शन देणारच होते, हे मला माहीत आहे. नवरा म्हणतो योगायोग, मैत्रीण म्हणते स्वामींची कृपा. मला दोन्ही पटत नाही, आणि तिसरं काही सुचत नाही.

पाचव्या दिवशी आजी घरी निघाल्या, तेव्हा मी त्यांना एकटीला गाठून विचारलं, "आजी, त्या दिवशी सकाळी खरंच मीच आले होते?"

"तूच की," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "पर तवा तू लई रडत हुतीस."