फळ्यावरची गोजरबाई

कोपरगावच्या एसटी स्टँडाजवळ एका तरुण मंडळाचा फळा होता. मंडळातले तरुण यथावकाश बापे झाले, मंडळ मोडलं, फळा राहिला. पुढे त्यावर फक्त मयताची बातमी लिहिली जाई: कोण गेलं, किती वाजता उचलणार. एरवी फळा कोरा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेल्या सहादेव खरातांना ही उधळपट्टी वाटली.

त्यांचा एक कथासंग्रह छापलेला होता. तो वाचलेला माणूस त्यांना अजून भेटायचा होता. लोक पुस्तकापर्यंत येत नाहीत तर आपणच रस्त्यावर जावं, म्हणून शहाण्णव साली त्यांनी रोज सकाळी फळा पुसून दहा-बारा ओळी लिहायला सुरुवात केली. खाली सही: सहादेव खरात, लेखक. हुद्दा लिहिला नाही तर लोकांना कळणार नाही, ही भीती रास्त होती. लिहूनही कळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

"काय लेखक, आज कोन गेलं?" शेजारचा चहावाला छगन विचारायचा.

"कोणी नाही. गोष्ट आहे."

"मंग बरंय," म्हणून छगन कपबश्या विसळायला लागायचा.

दिवाळीनंतर त्यांनी गोजरबाई सुरू केली. नदीकाठी एकटी राहणारी म्हातारी, तिची एक शेळी, आणि दिवसभर त्या शेळीशी चालणारं बोलणं. हे बोलणं सुचायला त्यांना कष्ट पडत नव्हते. बायको वारली, मुलगा प्रवीण पुण्याला स्थायिक झाला, तेव्हापासून ते स्वतः स्टोव्हशी बोलत. गोष्टीत फक्त स्टोव्हची शेळी करायची होती.

महिनाभर गोजरबाई चालली. कोणी चकार शब्द काढला नाही. आवडलं का, हा प्रश्न सहादेवांनी केव्हाच सोडून दिला होता. एखाद्यानं वाचलं तरी का, एवढंच हवं होतं. शेवटी वैतागून एका सकाळी त्यांनी लिहिलं, 'आज पहाटे गोजरबाई गेली.' त्याखाली आणखी नऊ ओळी होत्या, आणि त्या चांगल्या होत्या. पण गाव पहिल्याच ओळीवरून माघारी फिरलं.

दुपारी त्यांच्या दारात चपलांचा ढीग लागला. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी आणायची, ही रीत. सहादेवांच्या पोटात सकाळची खिचडी होती.

"बहीन हुती व्हय?" छगननं विचारलं. "न्हाई, रोज नाव दिसायचं, म्हनून म्हनलं."

"नुसतं नाव दिसायचं? वाचलं नाहीत?"

"आता दुःखात ते कशाला इचारता, भाऊ? जेवा."

बायको गेल्यानंतर या घरात एवढी माणसं पहिल्यांदाच बसली होती. खरं सांगितलं तर ती उठून जाणार, हे दिसतच होतं. सहादेव जेवले. पिठलं उत्तम होतं.

सगळे पांगले तरी भीमाबाई बसून राहिली. फळ्यासमोर पाटीत भाजी घेऊन बसणारी ही बाई साक्षरतेच्या वर्गात उतारवयात अक्षरं शिकली होती. तिनं घसा साफ केला.

"भाऊ, तिची शेळी आता कुनाकडं हाय? मला द्या. पाला मस उरतो माझ्याकडं. गाभन हाय म्हनून लिवलं हुतं ना तुमी, त्या बाजाराच्या दिवशी?"

हात धुवायला उठलेले सहादेव परत खाली बसले. शेळी गाभण असल्याचं त्यांनी एकदाच, अर्ध्या ओळीत लिहिलं होतं.

"तुम्ही वाचता?"

"मंग! एकेक अक्षर जुळवत बसते. तुमचं सकाळचं मला दुपारपत्तुर पुरतं."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो वाचक समोर बसून शेळी मागत होता. गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण बाकीच्यांशी खोटं बोलणं जमलं, ते या बाईशी जमेना.

"भीमाबाई, शेळी नाही. गोजरबाई पण नाही. मी रचलंय सगळं."



"मंजी तुमच्याच हातात हुतं सगळं."

"हो."

"मंग मारली कशाला?"

समीक्षेला तोंड द्यायची सहादेवांना सवय नव्हती. "कोणी वाचतं का ते बघायला," एवढंच ते म्हणाले.

"मी वाचत हुते न्हवं!" ती उठली. उरलेल्या भाकरी तिनं फडक्यात बांधल्या आणि काखोटीला मारून नेल्या. मयतच नाही, तर भाकरी कशाच्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाबाई फळ्याकडे पाठ करून बसली होती. सहादेवांनी फळा पुसला, लिहायला घेतलं: 'गोजरबाईची शेळी दोन दिवस दारात ओरडत राहिली, मग कोणीतरी तिचं दावं सोडलं.' लिहून झालं तरी ती पाठ हलेना. तेव्हा त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं: रस्त्याकडे तोंड करून लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लागले. छगननं चहा गाळता गाळता मान वर केली आणि खाली घातली. स्टँडातून गाड्या जात-येत होत्या.

शेळीला दोन करडं झाली, इथपर्यंत ते आले, तेवढ्यात भीमाबाईनं मागं न बघता हात वर केला.

"थांबा जरा. गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करत होतं. सहादेव खडू धरून थांबले.