पिल्लू पेटीत झोपणार होते

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी सासरी कुत्र्याचे पिल्लू आणवले. आणवले म्हणजे हट्टच धरला. हे ओझरच्या विमान कारखान्यात पहिल्या पाळीला उजाडायच्या आत निघून जायचे, सासूबाई दुपारभर झोपायच्या, मामंजी पेपरात तोंड घालून बसायचे आणि मी भिंतींशी बोलायचे. शेवटी मखमलाबादच्या एका द्राक्षमळ्यातून यांनी सायकलवरून एक तांबूस गोळा घरी आणला. गोळ्याने उंबरठा ओलांडताच मामंजींच्या चपलेवर आपली ओली मोहोर उमटवली.

मामंजी शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चप्पल धुतली, करवत काढली आणि पिल्लासाठी देवदारी फळ्यांचा महाल उभा केला. हवेला भोके, खाली तरट, दाराला पितळी कडी.

"रात्री हे यात झोपेल. कडी लावून," त्यांनी निकाल दिला. "रविवारपर्यंत मुदत. रडून माझ्या पोराची झोप मोडली तर परत मळ्यात. यंत्रावर डुलकी लागली तर बोटं जातात, सूनबाई."

मी मान डोलावली. बोटे माझ्याच नवऱ्याची होती.

पहिल्या रात्री कडी लागली आणि खेळ सुरू झाला. आधी बारीक कुईकुई, मग आलाप, मग अशी तान की शेजारच्या काकांचा खोकला लाजून थांबला. आता आमच्या घराचा एक ठाम सिद्धांत सांगते. जो रडतो तो भुकेला असतो, मग तो जावई असो की कुत्रा. मी अंधारात उठले आणि वाटीभर दूध पेटीत सरकवले. लपलप आवाज झाला, मग शांतता. मी विजयी मुद्रेने आडवी झाले. थोड्या वेळाने पुन्हा तोच राग, पुन्हा शांतता, पुन्हा राग. मी उशीत डोके खुपसले.

पहाटे यांच्या चहाच्या वेळी सासूबाईंनी पातेले वाकडे करून पाहिले. "चहापुरतंसुद्धा दूध नाही! गेलं कुठे?"

"मांजर," मी म्हणाले.

"मांजरच," हे म्हणाले.

"मी पाहिलं ना," मफलरमधून मामंजी म्हणाले. "काळं होतं."

"मेलं कालपासून घिरट्या घालतंय," सासूबाईंनी शिक्कामोर्तब केले.

आमच्या आळीत मांजर नव्हते. पण गंमत बघा, मी थाप मारली होती आणि दुसऱ्या दिवसापासून माझाच त्या थापेवर विश्वास बसला. मी तर एकच वाटी घेत होते! मग उरलेले पातेले कोण चाटून पुसून ठेवत होते?

रोज रात्री हेच. पिल्लाचे पोट ढोलकीसारखे झाले आणि रडणे दुप्पट. शुक्रवारी हे जेवता जेवता डुलले आणि कोपर थेट आमटीत. मामंजींनी त्यांच्या बोटांकडे पाहिले, मग पेटीकडे, आणि हात धुवायला उठले.

शनिवारी सासूबाईंनी दूध जाळीच्या कपाटात ठेवले, कुलूप ठोकले, किल्ली कमरेला खोचली. "आता येऊ दे त्या बोक्याला!"

त्या रात्री पिल्लाने टाहो फोडला. मी चाचपडत कपाटापाशी गेले आणि कुलपावर हात ठेवला. तिथे आधीच एक हात होता.

"तू?"

"तुम्ही?"

मागे काहीतरी खणकन वाजले, तसा सासूबाईंनी दिवा लावला. दारात मामंजी, डोक्याला मफलर, वाटी पायाशी लोळतेय; त्यांच्या मागे हे, हातात चौथी वाटी.

"अगं बाई, सगळेच बोके!" त्या म्हणाल्या. मग जरा गोऱ्यामोऱ्या होऊन म्हणाल्या, "मी आपलं एकच वाटी देत होते हो."

मामंजी हसले नाहीत. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "म्हणजे रोज रात्री पोटात चार वाट्या दूध आणि बाहेरून कडी," ते हळूच म्हणाले. "अरे, ते भुकेलं नाही. त्याला बाहेर जायचंय!"

त्यांनी कडी काढली. पिल्लू सुसाट अंगणात गेले, पपईखाली बसले आणि इतका वेळ बसले की हे चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपी गेले. परत आल्यावर त्याने महालाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मामंजींच्या अंथरुणापाशी गेले, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि जमिनीवरच अंग टाकले. मी त्याला उचलायला वाकले.

"राहू दे," मामंजी पुटपुटले.

"पण कडी..."

"जरा घट्ट बसतेय ती. बघू सावकाश." त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढून त्याच्या पाठीवर ठेवला. त्यानंतर घरात आवाज आला तो फक्त सासूबाईंच्या घोरण्याचा.

रविवारी ऊन अंगणात आले तरी कुणी उठले नव्हते. हे शेवटी उठले आणि आज्ञाधारकपणे सायकल काढू लागले. "बाबा, आज मुदत संपली. सोडून येऊ का मळ्यात?"

मी पुढे होऊन सायकलचे हँडल धरले.

"हळू बोल रे, उठेल ते," मामंजी म्हणाले. हात अजून पिल्लावरच होता. "आणि ऐका सगळ्यांनी. दिवेलागणीनंतर त्याला दूध नाही. झोपण्याआधी अंगणात एक फेरी. मी नेईन."

"या थंडीत?" सासूबाईंनी विचारले.

"मफलर आहे."

सासूबाई यांच्याकडे वळल्या. "सायकल काढलीच आहेस ना? मग गवळ्याकडे जा आणि सांग, उद्यापासून पावशेर दूध जास्त. सकाळचं."

हे टांग मारून निघाले, तशी मी फाटकापर्यंत धावत गेले आणि ओरडले, "विसरू नका हं!"

"हळू!" आतून मामंजी खेकसले.