कानबाईचा रोट आणि धुळ्याची केस

नर्सने फोटो हातात घेतला, पदराने काच पुसली आणि सरळ माझ्या सासूच्या तोंडावर बोट ठेवलं. "ह्याच होत्या. ह्यांनीच पेशंटला खाऊ घातलं."

धुळ्याच्या ग्राहक मंचात त्या दिवशी पंखासुद्धा बंद होता. फोटो आमच्याच घरचा, माझ्या मुलाच्या, सुरेशच्या जावळातला. आमच्या वकिलांनीच तो आणायला लावला होता. म्हणाले, "आक्का, नर्सला घरातलं कोणीच ओळखता येणार नाही, तिथेच त्यांचं खोटं पडेल." फोटोत वीस-बावीस माणसं होती. तिला शोधावंसुद्धा लागलं नाही. वकिलांचं तोंड उतरलं. मला वाटलं, संपलं... केस गेली.

तुमच्या मासिकात लोक पिंपळाचं न् पायवाटेवरच्या बाईचं लिहितात. मी ते वाचून हसते. चौथी शिकलेली बाई आहे मी, पण असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही, अंगारा-धुपारा घरात येऊ दिला नाही. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात. सुरेश माझा एकुलता एक मुलगा. बावीस वर्षांचा होता, लग्न ठरलेलं. श्रावण लागायच्या तोंडावर त्याच्या आतड्याला पीळ पडला. धुळ्याच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. आठवडा उलटला तरी अंगातला ताप हटेना, पोट कडक. डॉक्टर म्हणायचे, गॅस आहे, आतडी जागी होताहेत. नाकातली नळी काढली, चमच्याने पाणी सुरू केलं आणि सोमवारी घरी न्या म्हणून सांगितलं.

त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसणार होती. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्याच पिठाचे रोट करायचे — म्हणजे पुरण भरलेल्या जाड पोळ्याच — आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. ज्याच्या नावाचे गहू काढले, त्याने खाल्लं नाही तर रोट अपुरा राहतो, असं जुनी माणसं मानतात. मोठी सून मी, म्हणून सुरेशच्या वडिलांना दवाखान्यात ठेवून मी घरी आले.

सासूबाई होळीपासून खाटेवर होत्या. न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं. कूससुद्धा मीच बदलून द्यायची. सगळ्यांची जेवणं झाली, यांचा वाटा नवरा-बायकोचा एकच धरून मी खाल्ला, सुरेशचा वाटा ताटलीत झाकून कानबाईपुढे ठेवला. त्यांनी खाटेवरून बघितलं आणि सुरू झाल्या, सुऱ्याचा रोट त्याला पोचव, आत्ताच्या आत्ता पोचव. मी वैतागले होते. म्हटलं, "माय, त्याला पाणी चमच्याने देताहेत, रोट काय नाकातून घालू?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी आम्ही बाया कानबाईपुढे गाणी म्हणत होतो. सासूबाईंची खोली समोरच, दार उघडं. गाणी झाल्यावर मी त्यांना पाणी पाजायला गेले. त्या हसत होत्या. मला म्हणाल्या, "सुऱ्याले रोट दी उनू मी. आते बठ्ठासना व्हई गया." त्याला रोट देऊन आले, आता सगळ्यांचा झाला. म्हातारपणाची बडबड म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्यांचा हात पुसला तेव्हा बोटांना पुरण होतं. ताटलीवरचं झाकण काढून बघितलं, रोटाचा एक कोपरा मोडलेला. पोरांनी केलं असेल म्हणून घरातल्या सगळ्या पोरांना शिव्या घातल्या.

संध्याकाळी किराणा दुकानाच्या फोनवर निरोप आला. सुरेशचे वडील औषध आणायला खाली गेले होते, तेवढ्यात सुरेशला मोठी उलटी झाली, पोट फुगलं. डॉक्टर तरीही गॅसच म्हणत होते. यांनी ऐकलं नाही, जीप केली आणि त्याला जळगावला नेलं. तिथल्या सर्जनने त्याच रात्री पोट उघडलं. आत कापड निघालं. ऑपरेशनमध्ये रक्त टिपतात तसलं कापड, पुवाने भिजलेलं. सर्जन म्हणाले, सोमवारी घरी नेलं असतं तर घरीच गेला असता.

सुरेशच्या पोटाला वर्षभर पिशवी लागली. ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं. त्याला जड काम कायमचं बंद. डॉक्टरांवर ग्राहक मंचात केस करता येते, असं तेव्हा नुकतंच पेपरात आलं होतं. आम्ही केली. त्यांचं उत्तर आलं — नातेवाइकांनी रोट खाऊ घातला, त्याने टाके फाटले, चूक घरच्यांची. आणि आता नर्सने बोट ठेवलं होतं.

अध्यक्षांनी मला उभं केलं. "ह्या कोण?"

"सासू."

"त्या दवाखान्यात गेल्या होत्या?"

"खाटेवरून उठत नव्हत्या. अख्खं गाव सांगेल."

समोरचा वकील म्हणाला, मग हजर करा त्यांना. मी म्हटलं, त्या वारल्या.

"मग नर्सने बघितलं ते कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते नर्सला विचारा," मी म्हटलं. "आणि साहेब, रोट कोणी का दिला असेना, आम्ही रोटात पुरण भरतो, कापड भरत नाही."

अध्यक्षांनी मान खाली घातली आणि लिहीत राहिले. निकाल आमच्या बाजूने लागला. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण चूक डॉक्टरांची, हे कागदावर आलं.

साक्षीच्या त्या दिवशी बाहेर पाण्याच्या माठापाशी नर्स भेटली. डोळे लाल. "मावशी, मी खोटं नाही बोलले. उलटीत हरभऱ्याची डाळ होती."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. सुरेशच्या वडिलांनीही बघितली होती. मग विचारलं, "त्या लंगडत होत्या का?"

"नाही. चांगल्या ताठ चालत आल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, घरचाच आहे, खाऊ दे."

सुरेशला विचारलं तर तो एवढंच म्हणतो, आजी आली होती. त्यापुढचं त्याला काही आठवत नाही. मी पुष्कळ डोकं चालवलं. तापात माणसाला भास होतात, पण नर्सला कुठे ताप होता? आणि डाळ कुठून आली? मला आजही सांगता येत नाही. ज्याला सांगता येईल त्याने सांगावं, मी ऐकेन.

सासूबाई त्याच वर्षी पोळ्याच्या आधी गेल्या. सुरेशचे वडीलही आता नाहीत. सुरेश जगला.